अ‍ॅम्बेसेडरचा वॉटर पंप: खोलण्याआधी मोजा

वॉटर पंप दुरुस्त करून आणला आणि महिनाभरात पुन्हा गळायला लागला, ही तक्रार मला दर उन्हाळ्यात ऐकू येते. सील नवं, बेअरिंग नवं, मजुरी दिलेली, आणि सकाळी गाडीखाली पुन्हा ओला डाग. सामान खराब निघालं म्हणून लोक दुकानदाराशी भांडतात. असे बरेच पंप मी खोलून पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेकांत सामान चांगलं होतं. बसवलं मात्र चुकीच्या जागी किंवा चुकीच्या रीतीनं होतं. जुना पंप खोलताना कुठला भाग किती आत होता, हे कोणी मोजलंच नव्हतं.

हा लेख १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरसाठी आहे. इसुझू इंजिनाच्या गाडीचा पंप वेगळा, तिला इथले आकडे लावू नका. पद्मिनीचा किंवा जुन्या जीपचा पंपही दिसायला निराळा असतो, पण कामाचा क्रम हाच.

पंपात मोजून पाच गोष्टी आहेत. बिडाची (ओतीव लोखंडाची) बॉडी, तिच्यात बेअरिंग आणि शाफ्ट (दोन्ही मिळून एकच भाग येतो), पुढे दाबून बसवलेला हब, ज्यावर पुली आणि फॅन येतो, मागे दाबून बसवलेला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, आणि पाणी बेअरिंगकडे येऊ न देणारं स्प्रिंगचं सील. सीलच्या तोंडाशी कार्बनची कडी असते, तिच्यावर फिरत्या इम्पेलरची पाठ सतत घासते.

१. गळतंय कुठून, हे आधी ठरवा

पंपाच्या आसपास ओलं दिसलं की लोक थेट पंप उतरवतात. पण थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणाचं पॅकिंग, वरचा होज पाईप, हीटरचा पाईप, यांतलं काहीही गळलं तरी पाणी ओघळत पंपावरच येतं.

इंजिन पूर्ण थंड असताना सगळा पुढचा भाग फडक्यानं कोरडा करा. त्यावर खडूची भुकटी उडवा. मग गाडी सुरू करून इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या भुकटीत पाण्याची वाट स्पष्ट उमटते. ती वरून खाली येत असेल तर वरचं पॅकिंग नाहीतर पाईप बघा.

पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पाणी तिथून येत असेल तर सील गेलं आहे. ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. सील संपल्यावर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, म्हणून.

सावधान: हे भोक कधीही बुजवू नका. मी घेतलेल्या पहिल्या अ‍ॅम्बेसेडरच्या पंपाचं भोक आधीच्या कोणीतरी पुट्टी भरून बंद केलं होतं. गळती थांबली होती, त्यामुळे मलाही पंप ठीक वाटला. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढून खरखर सुरू झाली आणि दोन वळणांत ती किंचाळण्यावर आली. पंप खोलला तेव्हा बेअरिंगमधलं ग्रीस ओल्या चहापावडरीसारखं तपकिरी होऊन बाहेर आलं, आणि शाफ्ट बोटानं डुलत होता. आणखी थोडं अंतर गेलो असतो तर फॅनची पाती रेडिएटरात घुसली असती.

आता बेअरिंग. बेल्ट ढिला करून पुलीवरून उतरवा, कारण ताणलेल्या बेल्टमुळे ढिलाई कळत नाही. फॅनची वरची आणि खालची पाती धरून पुढे-मागे हलवा. हाताला खटका लागला तर बेअरिंग गेलं. हातानं सावकाश फिरवा. वाळूसारखं लागलं तरी तेच. आवाजाची शंका असेल तर बेल्ट नसताना इंजिन सुरू करून ऐका. अर्ध्या मिनिटाच्या वर चालवू नका, पाणी फिरत नसतं.

२. सामान आधी, पाना नंतर

रविवारी सकाळी पंप खोलायचा आणि दुपारी सामान शोधायला निघायचं, असं केलंत की गाडी आठवडाभर अंगणात उभी राहते. किट आधी आणा: शाफ्टसह बेअरिंग, सील, पंपाचं पॅकिंग, आणि मिळालं तर इम्पेलर. बेल्ट आणि वरचा-खालचा होज जुना असेल तर तोही याच वेळी.

हत्यारांत इंची पाने लागतात. पंपाच्या बोल्टला अर्ध्या इंचाचा पाना बसतो. तिथे तेरा मिलिमीटरचा पाना लावला की तो ढिला पडतो आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल होतं. डोकं एकदा गोल झालं की दिवस गेला. शिवाय व्हर्नियर, सरळ कडेची पोलादी पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दाबून बसवलेला भाग ओढून काढायचा दोन किंवा तीन पायांचा पुलर आणि वेगवेगळ्या मापांचे नळीचे तुकडे जमवा. प्रेस तुमच्याकडे नसेल. मोठा व्हाइस चालतो, नाहीतर लेथवाल्याकडे पंधरा मिनिटांचं काम आहे. संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज भागात किंवा जालन्यात लेथ शोधावी लागत नाही. तालुक्याच्या गावीही मोटार रिवाइंडिंगवाल्याच्या शेजारी एखादी असतेच.

आदल्या संध्याकाळी पंपाच्या चारही बोल्टच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रात्रभर मुरू द्या.

३. पंप उतरवणं

१. बॅटरीची अर्थची वायर काढा.

२. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा. मग रेडिएटरखालचा आणि ब्लॉकच्या बाजूचा, असे दोन्ही नळ उघडा. ब्लॉकचा नळ पुष्कळदा गाळानं तुंबलेला असतो. पाणी आलं नाही म्हणजे ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका, तारेनं टोचा. कूलंट बादलीत धरा, मोरीत सोडू नका. चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं पितात.

३. रेडिएटर काढा. न काढताही पंप निघतो असं सांगणारे भेटतील. मी काढतोच. अडचणीच्या जागेत पाना सटकला तर पहिला घाव रेडिएटरच्या पातळ जाळीवर बसतो, आणि रेडिएटर बाहेर असला तर तो धुऊनही होतो.

४. फॅनच्या पुढच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या, मग फॅन आणि पुली काढा. फॅन उलटा बसवला तरी तो हवा त्याच दिशेला ओढतो, पण कमी ओढतो. त्यामुळे चूक लगेच कळत नाही. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की कळते.

५. डायनामो किंवा आल्टरनेटरचा पुढचा वरचा बोल्ट पंपाच्या कानात अडकलेला असतो. तो सोडवून डायनामो बाजूला करा, वायरवर लोंबकळू देऊ नका.

६. खालचा होज पाईप पंपापासून सोडवा. चिकटला असेल तर उभा चिरून काढा. पेचकस घालून उचकटला तर बॉडीच्या तोंडाला ओरखडे पडतात आणि नवा पाईप तिथेच पाझरतो.

७. आता पंपाचे चार बोल्ट. प्रत्येकाच्या डोक्यावर तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा ठेवून एक नेमका ठोका द्या, मग पाना लावा. सोडताना दाब वाढत गेला आणि बोल्ट रबरासारखा पिळल्यागत वाटला तर थांबा. थोडं घट्ट करा, पुन्हा सोडा, पुन्हा स्प्रे. बोल्टच्या लांब्या सारख्या नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्या-त्या भोकात तो-तो बोल्ट खोचून ठेवा.

पंप चिकटून राहिला तर लाकडाच्या तुकड्यानं बाजूनं ठोका. छिन्नी आत घालू नका. ब्लॉकचं तोंड खरवडलं की कुठलंच पॅकिंग तिथे धरत नाही.

४. मोजमाप

हीच पायरी लोक सोडून देतात. दहा मिनिटं लागतात. पंप अजून अख्खा आहे, हब आणि इम्पेलर आपापल्या जागी आहेत, तेव्हाच हे करायचं. हब एकदा ओढला की ती माहिती गेली.

जुनं पॅकिंग खरवडून बॉडीचं ब्लॉकला टेकणारं तोंड स्वच्छ करा. मग वहीत चार मापं लिहा.

पहिलं: ब्लॉकला टेकणाऱ्या तोंडापासून हबच्या पुढच्या तोंडापर्यंतचं अंतर. बेल्टची रेषा यावर ठरते. हब दोन मिलिमीटर पुढे बसला तर बेल्ट तिरका चालतो, एका बाजूनं झिजतो आणि नव्या बेअरिंगला तिरका ओढत राहतो.

दुसरं: शाफ्टचं पुढचं टोक हबच्या तोंडापासून किती आत किंवा बाहेर आहे.

तिसरं: बॉडीच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवून इम्पेलर तिच्यापासून किती वर किंवा खाली आहे.

चौथं: इम्पेलर आणि बॉडी यांच्यातली फट, फीलर गेजनं, तीन-चार ठिकाणी. या जातीच्या पंपात ती साधारण ०.५ ते ०.७५ मिलिमीटर असते. लेथवाल्यांच्या भाषेत २० ते ३० थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. फट जास्त ठेवली तर पंप पाणी कमी ढकलतो आणि सीलच्या स्प्रिंगवरचा दाब घटतो. कमी ठेवली तर इम्पेलर बॉडीला घासतो.

माझा एक पंप असाच गेला होता. लेथवरच्या मामांकडे तो नेला आणि मी व्हर्नियर काढला, तर ते म्हणाले, "मोजत काय बसलाव दादा, जाईल तितका आत घालू की." घाई होती, मी हो म्हणालो. इम्पेलर पूर्ण आत गेला. हातानं फिरवला तर फिरत होता. तीन आठवड्यांनी खोलला तेव्हा बॉडीच्या आत गोल चकचकीत चर पडला होता, कार्बनची कडी चिरली होती, आणि स्प्रिंग इतकी दबली होती की परत उसळलीच नाही. सील त्या मापासाठी बनलेलंच नव्हतं. तेव्हापासून वहीत चार आकडे उतरल्याशिवाय मी पुलर हातात घेत नाही.

तपासा: जुना पंप आधीच कोणी चुकीचा जोडलेला असू शकतो. फट फार वेगळी आली किंवा बॉडीत घासल्याच्या खुणा दिसल्या, तर फटीसाठी जुनं माप न धरता वर दिलेलं ०.५ ते ०.७५ मिलिमीटर हे माप धरा.

५. खोलणं

हब पुलरनं ओढून काढा. हातोड्यानं मागून ठोकू नका, हबची कड वाकते आणि फॅन डुलत फिरतो.

जुन्या ढबीच्या पंपात बॉडीच्या वरच्या भोकातून एक तार आत गेलेली असते. बेअरिंगला तीच जागेवर धरते. पक्कडीनं ती ओढून घ्या, मग शाफ्ट मागच्या बाजूला, म्हणजे इम्पेलरकडे, हळूहळू दाबा. बेअरिंग, सील आणि इम्पेलर एकत्र बाहेर येतात. तार न काढता दाबलं तर बॉडी फुटते. बीड वाकत नाही, थेट तडकतं. तार नसलेल्या पंपात बेअरिंग बसतं तिथे आत खांदा कुठल्या बाजूला आहे ते टॉर्चनं बघा. खांद्याच्या बाजूला कधी दाबू नका.

बेअरिंग घट्ट असेल तर बॉडी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. गॅसची ज्योत एकाच जागी लावू नका.

शेवटी इम्पेलर शाफ्टवरून दाबून काढा. त्याला बुडाशी, मध्याजवळ आधार द्या. पात्यांवर आधार दिलात तर पाती तुटतात.

६. काय ठेवायचं, काय टाकायचं

बेअरिंग आणि सील टाकायचंच. सील चांगलं दिसतं म्हणून परत बसवलेला पंप टिकलेला मी पाहिला नाही.

इम्पेलरच्या पाठीवर कार्बन घासायची ती गोल पट्टी उजेडात तिरकी धरून बघा. गुळगुळीत, काचेसारखी असेल तर उत्तम. तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर नवं सील तिथे चार दिवससुद्धा टिकणार नाही. लेथवर हलका कट घेऊन तोंड सपाट करून घ्या. त्यानं इम्पेलर जेवढा पातळ झाला तेवढा सीलवरचा दाब कमी होतो, म्हणून कट कमीत कमी. खोल चर असेल तर इम्पेलर नवाच घ्या.

नव्या शाफ्टवर इम्पेलर किंवा हब हातानं आत जात असेल तर तो भाग बाद. शाफ्टवर पंचाचे ठिपके मारून तो घट्ट करायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तसा हब फॅनसकट सुटला तर बॉनेट फाडून बाहेर येतो. तिथे पैसे वाचवू नका.

बॉडीचा कान तडकलेला, किंवा बेअरिंग बसतं ती जागा गंजून खड्डे पडलेली असेल तर अख्खा पंप घ्या. नव्या पंपावरही तीच चार मापं घ्या आणि जुन्याशी ताडून बघा. दुकानात सारखा दिसला म्हणून गाडीवर जमेलच असं नाही.

७. जोडणी

नियम एकच: जो भाग घट्ट बसतो, दाब फक्त त्याच्यावर. बेअरिंग बसवताना दाब त्याच्या बाहेरच्या कड्यावर, नळीच्या तुकड्यानं. शाफ्टवर दाबलं तर आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून कुरकुरतं.

बॉडीवर ग्रीसचा स्क्रू असेल तर त्याचं भोक आणि बेअरिंगवरचं भोक एका रेषेत यायला हवं. दाबण्याआधी दोन्हीकडे मार्करनं रेघ ओढा. बेअरिंग जागेवर आलं की तार परत घाला.

सील बॉडीत बसवताना दाब त्याच्या बाहेरच्या धातूच्या कडेवर. कार्बनला बोट लावू नका. तेल, ग्रीस तर नाहीच. रबराला घसरायला साबणाचं पाणी पुरतं.

आता इम्पेलर. शाफ्टच्या पुढच्या टोकाला पक्का आधार द्या. बॉडी मोकळी राहिली पाहिजे. थोडं दाबा, फीलर गेज घाला, पुन्हा थोडं दाबा. पुढे गेलेला इम्पेलर मागे ओढला की पकड सैल होते, म्हणून शेवटचा अर्धा मिलिमीटर मुंगीच्या पावलानं. मग हब, तो बसवताना आधार शाफ्टच्या मागच्या टोकाला, इम्पेलरला नाही. वहीतलं पहिलं आणि दुसरं माप जुळलं की थांबा.

तपासा: शाफ्ट हातानं फिरवा. सीलचा एकसारखा, मऊ अडथळा लागला पाहिजे. एकाच जागी अडकतो किंवा कुठे घासल्याचा आवाज येतो, तर आत्ताच परत उघडा. गाडीवर चढल्यावर ते सुधारत नाही.

८. पंप बाहेर आहे तोवर

ब्लॉकच्या तोंडातून आत बघा. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या इंजिनात गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा-तपकिरी थर दिसेल. तारेनं गाळ सैल करा आणि नळीनं उलट दिशेनं पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. हा गाळ आत राहिला तर त्याचे कण कार्बनच्या कडीखाली जातात आणि सहाणेवर घासल्यासारखी ती झिजते. संडास धुवायचं अ‍ॅसिड घालून थर काढायचा उद्योग करू नका. ते धातू खातं आणि रेडिएटरचे जोड उघडे पाडतं. रेडिएटर तुंबला असेल तर रेडिएटरवाल्याकडून टाकी उघडून सळई मारून घ्या.

थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तपासा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला हवा. उन्हाळा आहे म्हणून तो काढून टाकणं हा उपाय नाही.

९. पंप परत गाडीवर

पॅकिंग एकच, किटमधलं, पातळ. दोन पॅकिंग किंवा सिलिकॉनचा जाड थर लावला की पंप पुढे येतो आणि मोजून ठेवलेलं सगळं वाया जातं. आत पिळून आलेलं सिलिकॉन सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. पॅकिंगला दोन्ही बाजूंनी ग्रीसचा हलका हात पुरतो.

चारही बोल्ट आधी हातानं, मग तिरक्या क्रमानं थोडे-थोडे आवळा. शेवटचा दाब १७ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २३ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर दाखवणारा) नसेल तर छोटा पाना घ्या आणि मनगटानं आवळा, खांद्यानं नाही.

फॅन बसवण्याआधी त्याची पाती रिव्हेटजवळ तडकली नाहीत ना, ते बघा. रंगाचा ठिपका पुढे.

बेल्टचा ताण: सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर चार सूत, म्हणजे अर्धा इंच, दबला पाहिजे. डायनामो चार्ज करत नाही म्हणून पहारीनं ताणलेला बेल्ट मी फार गाड्यांत पाहतो. नवं बेअरिंग लवकर संपतं ते या ताणानं. चार्जिंगचा दोष डायनामोत शोधा.

१०. पाणी भरणं आणि पहिली फेरी

बोअरचं किंवा विहिरीचं पाणी नको. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मे-निम्मे. आपल्याकडे पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंज रोखतं आणि पाणी लवकर उकळू देत नाही.

हीटरचा नळ उघडा ठेवून सावकाश भरा. पाणी भरण्याआधी इंजिनाला सेल्फ मारू नका. कोरडं सील काही क्षणांत जळतं. मग झाकण न लावता इंजिन सुरू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि बुडबुडे येतात. वर भरून झाकण लावा. इंजिन वेगानं फिरवून बघताना फॅनच्या रेषेत उभे राहू नका.

पहिल्या काही मिनिटांत खालच्या भोकातून एखादा थेंब आला तर घाबरू नका. कार्बन आणि इम्पेलर एकमेकांना बसत असतात. अर्ध्या तासानंतरही थेंब पडत असेल तर सील नीट बसलेलं नाही.

लांबच्या प्रवासाआधी जालना ते संभाजीनगर इतकी, साठेक किलोमीटरची एक फेरी मारा. परत आल्यावर गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी इंजिन गार असताना तीन गोष्टी करा: पुठ्ठा बघा, रेडिएटरची पातळी बघा, आणि बेल्ट दाबून बघा, कारण नवा बेल्ट पहिल्या फेरीत सैल होतो. शेवटी पंपाखालच्या भोकाला बोट लावा. बोट कोरडं आलं की वही बंद करा. त्यातली चार मापं मात्र फाडून टाकू नका, पुढच्या वेळी लागतील.